मोठं आतडं वजा जाता

मराठी माणसाच्या तब्येतीचं सगळं गणित एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. पोट साफ होतं का? सर्दी झाली, पोट साफ होतं का? पिंपल आला, पोट साफ होतं का? बॉस ओरडला म्हणून मूड गेला, तरी घरातलं कुणीतरी हळूच विचारणारच. आता मला सांगा, जिला मोठं आतडंच नाही तिनं याला काय उत्तर द्यायचं?

मला नाहीये. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ते काढलं. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा, त्यातून रक्त, दिवसाला पंधरा-वीस वेळा टॉयलेट. गोळ्या झाल्या, स्टिरॉइड झाली, त्यापुढची महागडी इंजेक्शनं झाली. शेवटी सर्जन म्हणाले, आता आतडं ठेवणं जास्त धोक्याचं. दीडेक मीटर लांबीचा अवयव गेला आणि पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याचं टोक बाहेर काढून ठेवलं. त्याला स्टोमा म्हणतात. दहाच्या नाण्याएवढा, ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, आणि गंमत म्हणजे हात लावला तरी दुखत नाही. त्यावर एक पिशवी चिकटवायची. जे काय जमा व्हायचं ते त्यात होतं, दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करायची. बस्स. एवढंच आहे ते. जीन्सच्या आत दिसतही नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, हिंजवडीत एका कंपनीत पेरोल सांभाळणारी, वजन एक्केचाळीस किलो. सर्जननी सांगितलं, पुढचं ऑपरेशन करायचं की नाही ते नंतर ठरवू, आधी वजन आणि हिमोग्लोबिन वाढवून या. मग आई मला उचलून थेट वलगावला घेऊन गेली. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की लागतं ते आमचं गाव. पेढी नदी, संत्र्याचे ट्रक, आणि उन्हाळ्यात डोकं फिरवणारं ऊन. फेब्रुवारी ते जून, पाच महिने मी तिथं होते. वजन कसं वाढलं, कशानं घसरलं, कुठल्या डब्यांवर पैसे वाया गेले असते, हे सगळं त्या पाच महिन्यांत कळलं. म्हणून हा लेखप्रपंच.

डिस्चार्जबरोबर आम्हाला डाएटचा एक प्रिंटआउट मिळाला होता. कुठल्यातरी परदेशी कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला. पहिले सहा-आठ आठवडे मऊ आणि कमी चोथ्याचं खा, इथवर ठीक. पण पिशवीतलं पातळ झालं तर घट्ट करायला काय? ॲपल सॉस, पीनट बटर, मार्शमेलो! आईनं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला.

"मार्शमेलो का असते व?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. ती म्हणाली, "हे तं गादीतला कापूस दिसून रायला. आपल्याकडे कापसाले तोटा नाही, पण खायाले नाही देत मी तुले."

तो कागद फ्रिजवर लावला आणि आईनं त्याचं वऱ्हाडी भाषांतर सुरू केलं. ॲपल सॉसच्या जागी सफरचंद सोलून, शिजवून, घोटून. मार्शमेलोच्या जागी साबुदाण्याची पेज. पिकलेलं केळं, मऊ भात, साल काढून उकडलेला बटाटा, दही. हे सगळे पदार्थ स्टोमाचं पातळ पाणी आटवतात, हे जगभरचे आहारतज्ज्ञ सांगतात. आईला ते आधीपासून माहीत होतं, कारण गावात कुणालाही हगवण लागली की ती हेच द्यायची. सुरुवातीला भाकर बंद. ज्वारीचा कोंडा त्या दिवसांत नको होता. वरण मात्र रोज, तुरीचं, घोटलेलं, वरचं टरफल काढून.

आमच्या घरी अंडं चालत नाही. आई माळकरी. पण ऑपरेशननंतर भरून यायला माणसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे मला रोज पन्नास-साठ ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत बावीसेक ग्रॅम असतं, पण एवढी डाळ माझ्या पोटात जाईना, आणि गेली तर गॅसनं पिशवी फुग्यासारखी फुगायची. एका अंड्यात सहा ग्रॅम, चोथा शून्य. बाबांनी तिसऱ्या आठवड्यात काही न बोलता मागच्या अंगणात जुना स्टोव्ह काढला, एक वेगळं पातेलं आणलं आणि रोज सकाळी दोन अंडी उकडायला लागले. आई त्या वेळेला देवघरात जास्तच वेळ बसायची. दोघांनी या विषयावर एकमेकांशी एक शब्द काढल्याचं मला आठवत नाही. एप्रिलअखेर वजन पंचेचाळीस झालं, तेव्हा आईच विचारायला आली, "आज दोनच खाल्ले का?"

आता जरा बायॉलॉजी. घाबरू नका, दोन मिनिटांत संपतं. जेवणातली सत्त्वं, म्हणजे प्रोटीन, साखर, चरबी, बहुतेक जीवनसत्त्वं, ही लहान आतड्यात शोषली जातात. ते माझं शाबूत आहे. त्यामुळे 'आता हिला काही अंगी लागणार नाही' हा शेजारपाजारचा हळहळणारा निष्कर्ष चूक. मोठ्या आतड्याचं खरं काम पाणी आणि मीठ परत मिळवण्याचं. रोज लिटर-दीड लिटर पातळ माल लहान आतड्यातून तिथं येतो आणि त्यातलं शे-दीडशे मिलिलिटर सोडलं तर बाकी सगळं पाणी ते शोषून घेतं. मीठही. हा वसुली खातेदार गेला की पाणी आणि सोडियम दोन्ही बाहेर. नव्या स्टोमातून दिवसाला अर्धा ते एक लिटर जाणं नॉर्मल. दीड-दोन लिटरच्या वर गेलं की धोक्याची घंटा.

माझी घंटा एप्रिलमध्ये वाजली. पारा चव्वेचाळीसवर, कूलरची हवा गरम, आणि माझ्या डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ: भरपूर पाणी प्या. गावातला प्रत्येक माणूस तेच सांगत होता. पाहुणा आला की आधी माझ्यासमोर तांब्या. मी दिवसाला चार लिटर साधं पाणी पीत होते आणि पिशवी भरतच होती. किती जातंय ते कळावं म्हणून आई प्लॅस्टिकच्या मोजपात्रात मोजून कॅलेंडरवर लिहायची. बाराशे, पंधराशे, अठराशे. एका दुपारी पिंडऱ्यांत गोळे आले, उठले तर डोळ्यांपुढे अंधार. तिथून अमरावती, सलाइन, रक्ताचे रिपोर्ट. सोडियम खाली, क्रिएटिनिन वर, म्हणजे किडनी कुरकुरायला लागलेली.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत बसलो. म्हणाल्या, "साधं पाणी कमी करा."

लॉजिक असं. पाण्यात मीठ नसेल तर लहान आतड्याचं अस्तर शरीरातलंच मीठ त्या पाण्यात सोडतं, त्याच्यामागून आणखी पाणी येतं, आणि सगळा लोंढा पिशवीत. म्हणजे जितकं साधं पाणी प्याल तितके कोरडे व्हाल. चहा, कोल्ड्रिंक, फळांचे गोड ज्यूस यांचाही तोच प्रकार. मला साध्या पाण्याची रोजची मर्यादा एक लिटर मिळाली. बाकी तहान मीठ-साखरेच्या पाण्यावर. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. रात्रीचं जेवण सातच्या आत, म्हणजे झोपेत पिशवी भरत नाही. आणि जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाइडची गोळी, आतड्याची चाल मंदावायला. ही गोळी आणि पाण्याची मर्यादा दोन्ही डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघून ठरवलेले आहेत. तुमच्या ओळखीत कुणाला स्टोमा असेल तर हा लेख कापून देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा.

कुठलं मीठ-साखर पाणी? इथं मला हिरो भेटला. ओआरएस. आपण त्याला लहान मुलांच्या जुलाबाचं औषध समजतो, पण त्यामागची आयडिया जबरदस्त आहे. आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे, ज्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनंच आत जातात, आणि दोघं आत गेले की पाणी मागोमाग जातं. हे दार रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडलं. आणि १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ड्रममध्ये मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्यूदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चारच्या खाली आला. महालनोबिस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. असो. सरकारी वेळापत्रक.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००२ पासूनचा फॉर्म्युला पाठ करण्यासारखा आहे. एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. बेरीज साडेवीस ग्रॅम. पाकीट उलटं करून बघा, हे आकडे दिसले तरच घ्या. केमिस्टच्या काउंटरवर चकचकीत खोक्यात जे 'एनर्जी'वालं पेय मिळतं ते बहुतेक वेळा साखरेचं सरबत असतं. त्यांच्या नावात ओआरएस हे शब्द वापरण्यावर एफएसएसएआयनं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी आणली. माझ्यासाठी हा निव्वळ न्यूज आयटम नव्हता. जास्तीची साखर आणि अपुरं मीठ म्हणजे माझ्या पिशवीत आणखी अर्धा लिटर.

स्टोमातून फारच जात असेल तर यापेक्षा खारट मिश्रण देतात, लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या नावानं ते ओळखलं जातं. लिटरला मीठ साडेतीन ग्रॅम, खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम, ग्लुकोज वीस ग्रॅम. मला ते तीन आठवडे दिलं. चव? समुद्रात पडल्यावर नाकातोंडात जातं ना, तशी. फ्रिजमध्ये गार करून, लिंबाचे चार थेंब टाकून, स्ट्रॉनं, डोळे मिटून. आजी बघायची आणि म्हणायची, "बापा, हे तं बैलाले पाजतेत तसं दिसून रायलं." पण कॅलेंडरवरचे आकडे उतरायला लागले. पंधराशे, अकराशे, नऊशे. मे महिन्यात आईनं आकड्यांखाली हळदीकुंकवाचं बोट लावलं.

नऊशेला स्थिर झाल्यावर डॉक्टर मॅडमना विचारून आंबील सुरू केली. ज्वारीचं बारीक चाळलेलं पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, जिरं, आणि मीठ नेहमीपेक्षा थोडं सढळ. स्टार्चमधून हळूहळू ग्लुकोज मिळतं, मीठ आहेच. तांदळाच्या पिठापासून केलेलं ओआरएस कॉलऱ्यात वापरलंच जातं, त्याच कुळातली ही. वजनाला बरं, जिवाला बरं. पुण्यात मैत्रिणी स्मूदी बोल घेऊन स्टोरी टाकत होत्या, मी वलगावच्या ओट्यावर पितळी पेल्यात आंबील. कुणाचं लाइफ जास्त ऑरगॅनिक, सांगा!

संत्र्याचं मात्र दुःख झालं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे मृग बहाराची संत्री, अंगणात ढीग. स्टोमाच्या पेशंटला संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा धोक्याचा, कारण आतडं पोटाच्या स्नायूतून बाहेर येतं तिथं रस्ता अरुंद असतो आणि न चावलेला चोथा गाठ करून अडकतो. मका, खोबरं, मश्रूम, शेंगदाणे, कच्ची काकडी, सगळे याच यादीत. तर मी फोड चोखायची आणि चोथा थुंकायची, लहान मूल करतं तशी. दहाव्या आठवड्यानंतर एकेक पदार्थ परत आला, एका वेळी एकच, आणि बत्तीस वेळा चावून. बत्तीस हा आकडा शाळेतल्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला, तेव्हा हसू आलं होतं. भाकर परतली त्या दिवशी घरात सणासारखं झालं. अमरावतीचा गिला वडा परतला त्या दिवशी फक्त माझ्यापुरता सण होता, कारण घरी सांगितलंच नाही.

आता सप्लिमेंट्स. हा खरा मसालेदार विषय. मी आजारी आहे हे कळल्यावर माणसं आधी हळहळली आणि मग डबे घेऊन आली. गावातल्या एका काकांची साखळी योजना, त्यांच्याकडे 'आतडं नव्यानं वाढवणारी' पावडर, डबा तीन हजार आठशेचा. एका मावशीकडे डिटॉक्सचा चहा. ऑफिसच्या कलीग्जनी कुरिअरनं पाठवलेला हॅम्पर, त्यात मल्टिव्हिटॅमिन, बायोटिनच्या गमीज, मॅग्नेशियम, प्रोबायोटिक आणि चॉकलेट फ्लेवरचं प्रोटीन. माया होती सगळ्यांची, नाही म्हणत नाही.

मल्टिव्हिटॅमिनची गोळी दुसऱ्या दिवशी पिशवीत सापडली. अख्खी. ब्रँडचं नाव वाचता येत होतं! कारण माझा रस्ता आखूड आहे आणि गाडी फास्ट. एसआर, एक्सआर, सीआर लिहिलेल्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या किंवा जाड आवरणाच्या गोळ्या मला उपयोगाच्याच नाहीत. चघळायची, पाण्यात फसफसणारी किंवा पातळ औषधं चालतात. हे फक्त व्हिटॅमिनचं नाही, बीपीच्या, डोकेदुखीच्या, अगदी गर्भनिरोधक गोळ्यांचंही. प्रत्येक प्रिस्क्रिप्शनच्या वेळी डॉक्टरला आठवण करून द्यावी लागते. मॅग्नेशियमच्या बऱ्याच गोळ्या जुलाब करतात, व्हिटॅमिन सीचे मोठे डोसही. शुगर-फ्री म्हणून मिरवणाऱ्या प्रोटीन पावडरींत सॉर्बिटॉलसारखी गोडी असेल तर तोच निकाल. मी हॅम्परमधलं प्रोटीन भावाला दिलं, तो जिमला जातो, खूश झाला.

प्रोबायोटिकबद्दल मी जरा वाचलं. इटलीतल्या बोलोन्याच्या डॉक्टरांचा २००० सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. ज्यांचं मोठं आतडं काढून लहान आतड्याचाच आतल्या आत कप्पा, म्हणजे पाउच, बनवला होता आणि त्या कप्प्याला वारंवार सूज यायची, असे चाळीस जण. नऊ महिन्यांत प्रोबायोटिक घेणाऱ्या वीसपैकी तिघांना पुन्हा सूज आली, खोटी पावडर घेणाऱ्या वीसच्या वीस जणांना आली. आकडे सॉलिड आहेत. पण ते एका ठरावीक मिश्रणाचे, मोठ्या डोसचे, आणि पाउचवाल्यांचे. मला पाउच नाही. म्हणजे माझ्यासाठी ती महागडी कॅप्सूल आणि आईच्या विरजणाचं दही यांत निवडायचं झालं तर मी दही निवडणार.

मग लागतं काय? खरं सांगू, फार थोडं. आजारपणात रक्त गेलेलं, त्यामुळे लोह. गोळ्यांनी पोट बिघडत होतं म्हणून शिरेतून दोनदा दिलं. व्हिटॅमिन डी, जे अर्ध्या हिंजवडीला कमी असेल, आख्खा दिवस काचेच्या डब्यात बसून. आणि बी-१२. हे लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. त्यामुळे त्या टोकाला कात्री लागलेल्यांनी किंवा त्याचा पाउच केलेल्यांनी लक्ष ठेवावंच लागतं. २०२५ मध्ये माझं कमी निघालं तेव्हा मी लगेच ऑपरेशनला दोष दिला. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, तुझं टोक जागेवर आहे, तू जन्माची शाकाहारी आहेस, ऑपरेशन झालं नसतं तरी हाच रिपोर्ट आला असता. आता दर महिन्याला एक इंजेक्शन. बाकी दर सहा महिन्यांनी सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, फेरिटिन बघायचं आणि जे कमी तेच घ्यायचं. लघवी कमी आणि आम्ल असली की आम्हा लोकांना मूतखडे होतात, म्हणून लघवीचा रंगही बघायचा. फिकट पिवळा पाहिजे. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये मी हे रोज बघते आणि मग हात धुऊन मीटिंगला जाते.

आणि पोट साफ करणारी चूर्णं! सोनामुखी, हरडे, एरंडेल. आतडं आहे त्यांनी काय करायचं ते त्यांनी बघावं, पण मोठं आतडं नसलेल्या माणसाला हे देणं म्हणजे उघड्या नळाला मोटर लावणं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी एक आजोबा मायेनं पुडी घेऊन आले होते. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि पुडी ठेवून घेतली. गेल्यावर उकिरड्यावर टाकली.

संध्याकाळी ऊन उतरलं की मी पेढीच्या बाजूनं फिरायला जायची. वीस पावलांपासून सुरू करून जूनमध्ये अर्धा तास. वलगावला हीच वाट सगळ्यांची, कारण २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना गाडगेबाबा इथं पेढीच्या काठी गेले. समाधी अमरावतीला, पण शेवटचा श्वास आमच्या गावी, याचा गावाला फार अभिमान. आमच्या शाळेत स्वच्छता अभियान म्हणजे खराटा घेऊन दिंडी. माणसाची घाण माणसानं उचलायला लाजू नये, हे त्या बाबांनी हातात खराटा घेऊन दाखवलं, आणि त्यांच्याच गावात माझ्या पिशवीबद्दल बोलायचं म्हटलं की आवाज खाली. आई म्हणायची, "बाहेर कोणाले सांगू नको. पोटाचं ऑपरेशन झालं, एवढंच सांगाचं." मला राग यायचा आणि तिचं बरोबर आहे असंही वाटायचं. कारण माझं लग्न ठरलेलं होतं.

एका संध्याकाळी तिथल्या बाकावर एक बाई भेटल्या. शेजारच्या गावच्या. नवऱ्याच्या कॅन्सरसाठी त्या मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या चकरा करत होत्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या होत्या. टाटाचे पेशंट आणि नातेवाईक तिथं राहतात, हे मला ऐकून माहीत होतं. त्या म्हणाल्या, नवऱ्यालाही पिशवी आहे. आणि मग त्या, भर चौकात बोलाव्या तशा, पिशवी किती दिवस टिकवायची, स्टोमाभोवतीची कातडी सोलवटली तर काय लावायचं, टाटात त्यासाठी वेगळं क्लिनिक कसं आहे आणि तिथल्या नर्सताई घरच्यासारखं कसं शिकवतात, सगळं सांगायला लागल्या. धर्मशाळेत म्हणे कुणी कुणापासून काही लपवत नाही, लपवायला जागाच नसते. पाऊण तास आम्ही गूबद्दल बोललो. इतक्या महिन्यांत इतकं मोकळं मी कुणाशी बोलले नव्हते. जाताना त्यांनी विचारलं, "लगीन झालं का तुयं?" मी म्हटलं, ठरलंय. "सांगतलं त्यायले?" त्याला माहीत होतं, हॉस्पिटलात उशाशी तोच असायचा. पण त्याच्या घरी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी फोन करून त्याच्या आईला सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "मुलं होतील ना?"

प्रश्न बोचला, पण खरा होता. कारण माझ्यापुढचा निर्णय तोच होता. पाउच केला की पिशवी जाते, नेहमीच्या रस्त्यानं टॉयलेटला जाता येतं, दिवसातून चार ते आठ वेळा. पण ते ऑपरेशन ओटीपोटात खोल होतं, तिथं आतून चिकटे धरतात, गर्भनलिका अडकू शकतात, आणि बायकांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी होते. दुर्बिणीनं केलं तर धोका कमी, पण संपत नाही. पिशवी ठेवून बाळंतपणं होतात, व्यवस्थित होतात. हे मला सर्जननी चित्र काढून समजावलं, जूनमध्ये, जेव्हा मी त्रेपन्न किलोची आणि साडेअकरा हिमोग्लोबिनची होऊन त्यांच्यासमोर बसले. ते म्हणाले, आता तू ऑपरेशनला एकदम फिट आहेस. मी म्हटलं, मग आत्ता करायचं नाही.

पिशवी ठेवली आहे. आत गुदाशय शिल्लक आहे, त्याची वेळच्या वेळी कॅमेऱ्यानं तपासणी करावी लागते, कारण आजार तिथं अजून आहे आणि पुढे कॅन्सरचा धोकाही. मुलं झाली की पाउचचं बघू, नाही झाली तर त्याआधीही बघू. काही मैत्रिणींना हा निर्णय वेडेपणाचा वाटतो. बॅग गेली की तू नॉर्मल होशील ना, म्हणतात. मी त्यांना माझं कॅलेंडर दाखवते. आठशे, साडेआठशे, आठशे.

लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये वलगावलाच झालं. आईनं आचाऱ्याला बाजूला घेऊन नवरीच्या ताटातला मेनू वेगळा सांगितला आणि कारण विचारलं तेव्हा, मांडवात बसलेल्या दहा-बारा बायकांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली, "पोरीले मोठं आतडं नाही. मीठ जास्त टाकजा."